गिटारच्या ट्रॅकमधला कचरा

१२ जानेवारी

गुंड्या,

शेवटचं गाणं झालं एकदाचं. रेकॉर्डरचं मेमरी कार्ड सोबत आहे. चिठ्ठीच्या नावाखाली मी पुराण लावते अशी तुझी नेहमीची कुरकुर, पण कोणत्या ट्रॅकवर काय आहे ते कार्डासोबत लिहून पाठव हा नियम तुझाच. कागद हातात आला की मला चार ओळींवर थांबता येत नाही, त्याला मी काय करू?

तर आधी कामाचं. एक नंबरवर गिटार. दोनवर मी. तीनवर पुन्हा मीच, वरच्या सुरात. चारवर डबा. तोच बिस्किटांचा, पोचे आलेला. त्याच्याइतका गोड वाजणारा डबा अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. पुढचे चार ट्रॅक रिकामे आहेत. सुरुवातीला गाण्याचं नाव आणि टाळी आहे, म्हणजे तुला कॉम्प्युटरवर ट्रॅक एकाखाली एक लावताना टाळीला टाळी जुळवता येईल.

आणि सगळं शून्यापासून काढलंय, धसका घेऊ नकोस! पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून मधल्या गप्प जागा कापल्या होत्या आणि गायलं-वाजवलं तेवढंच पाठवलं होतं. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं एकदम सुरू झालं. शेवटचं कडवं, मधली गिटार, डबा, सगळ्यांनी पहिल्याच सेकंदाला तोंड उघडलं. तू फोनवर हसून हसून बेजार. ‘ताई, हे गाणं आहे की शेजाऱ्यांचं भांडण?’ मग समजावलंस, की माणूस गप्प बसलाय तो भागही पाठवायचा असतो, त्यावरूनच कोण कधी बोललं ते कळतं. तेव्हापासून मी गप्प बसलेलंसुद्धा इमानेइतबारे पाठवते.

इकडे सगळं ठीक. रेकॉर्डर अजून इस्त्रीच्या टेबलावरच असतो, कपाटाची दारं उघडी टाकून, म्हणजे कपडे आवाज पिऊन घेतात आणि खोली घुमत नाही. बटणावरचे आकडे पुसलेत, पण माझ्या बोटांना पाठ आहेत. दातांच्या लॅबमध्ये सगळ्यांना सांगून बसलेय की आमचा गुंड्या नोकरीला आहे त्या स्टुडिओतून माझी गाणी निघणार आहेत. माझ्या आवाजात. मॅडम म्हणाल्या, ज्या दिवशी निघतील त्या दिवशी कवळ्या घासायची सगळी यंत्रं बंद ठेवू आणि मोठ्याने लावू. दिवसभर दुसऱ्यांच्या कवळ्या बनवणारी बाई गाते म्हटल्यावर सगळ्यांना आधी हसू आलं, पण आता रोज विचारतात.

तू मेसेजमध्ये लिहिलंस, ‘तुझाच आवाज, जसा आहे तसा,’ तो मी अजून पुसलेला नाही. या वयात आपला आवाज आपल्या घराबाहेर पडेल असं वाटलं नव्हतं रे. फार आनंदात आहे. तुझ्या भावजींनाही आनंद झालाय, पण त्यांचा आनंद तोंडावर यायला दोन दिवस लागतात, तुला माहीतच आहे.

वेळेवर जेवत जा.

तुझी ताई


६ फेब्रुवारी

गुंड्या,

तुझा मेसेज मिळाला. ‘सगळ्या गाण्यांत गिटारच्या ट्रॅकमागे कचरा आहे. स्वच्छ वाजवून परत पाठव.’ ना कशी आहेस, ना काय चाललंय. मोठा साहेब झालास!

असो. रविवारी सकाळी कामाला लागले. फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून मोरीत नेऊन ठेवलं. तुझ्या भावजींना चपला हातात घेऊन जिन्यात बसायला सांगितलं, कारण ते घरात नुसते बसले तरी आवाज येतो. बिचारे गेले. वर्तमानपत्रही नेऊ दिलं नाही, पानं वाजतात म्हणून. मग पहिलं गाणं वाजवलं, आणि बाकीचे ट्रॅक बंद करून फक्त गिटार ऐकली.

कचरा होताच. कान देऊन ऐकलं. कुणीतरी बाई गात होती, लांबून, शेजारच्या घरात दार लावून गावं तशी.

अरे, मीच ती!

इतकी हसले की तुझे भावजी जिन्यातून विचारायला लागले, काय झालं म्हणून. गिटार वाजवताना मी गाते, गुंड्या. गाणं वेगळं रेकॉर्ड करते, पण वाजवतानाही तोंड चालूच असतं. हे तुला मी सांगायचं? माझ्या गिटारची एक खुंटी तुटलेली, पाचच तारा, त्याही मी माझ्या गळ्याला लावलेल्या. कुठली पट्टी, कुठला कॉर्ड, मला ठाऊक नाही. तोंड जाईल तिकडे हात जातात. लहानपणी तू माझ्या तोंडावर हात ठेवायचास आणि गिटार अडखळली की टाळ्या पिटायचास. ‘ताईचं बटण सापडलं!’ विसरलास की काय?

आणि एवढं बिघडलं काय त्यात? दोन नंबरवर माझाच आवाज आहे. तो वर आला की मागचा हा कुणाला कळतोय? पहिल्या गाण्याच्या वेळी तूच म्हणाला होतास की त्यामुळे आवाजाला अंग येतं, राहू दे. आता तोच कचरा झाला? तुझ्या नवीन हेडफोनचे हे लाड दिसताहेत.

तरी तुझा हट्ट असेल तर तोंड मिटून वाजवून बघते. पण मला नीट सांग, कशासाठी. नुसतं स्टुडिओच्या मालकांना पुढे करून ‘साहेबांना हवंय’ असं लिहू नकोस.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

गुंड्या,

शेवटी तू तेच लिहिलंस, ‘साहेबांना हवंय.’ बरं म्हटलं.

तोंड मिटून वाजवायचं म्हणजे मला हात बांधून पोहण्यासारखं. ओठ मिटले तर नाकातून सूर निघायचा. शेवटी लॅबमधून मेणाची पट्टी आणली, जबड्याचं माप घेताना माणसाला चावायला देतो ती. ती दातांत धरली आणि वाजवायला बसले. पहिले काही दिवस हात भलतीकडेच जायचे. लॅबमधून आल्यावर रोज बसत होते. तुझे भावजी दाराशी उभे राहून बघायचे आणि आत निघून जायचे. मला वाटायचं, बायको मेण चावत बसलीय म्हणून कीव येत असेल. जमत आलं हळूहळू. तुला हवं म्हणून जमवलं.

मग काल तुझं कार्ड आलं. आपल्या रीतीप्रमाणे सात आणि आठ नंबरच्या ट्रॅकवर घ्यायला कच्चं गाणं, म्हणजे ते कानात ऐकत मी एक नंबरवर नवी गिटार वाजवायची. कार्ड रेकॉर्डरमध्ये घातलं, गाणं आत घेतलं, हेडफोन लावले, मेण दातांत धरलं आणि बटण दाबलं.

गाण्याच्या आधी काय आहे ते तू ऐकलं नाहीस वाटतं. मी लिहूनच देते.

एक मुलगी विचारते, ‘दादा, इथून घेऊ?’

तू म्हणतोस, ‘थांब, आधी हिचा आवाज बंद करतो.’

ती विचारते, ‘या कोण आहेत?’

तू म्हणतोस, ‘कुणी नाही. नमुन्यापुरतं गायलंय.’

मग टाळी. मला शिकवलीस तीच टाळी. आणि मग ती मुलगी माझं गाणं गाते.

शून्यापासून काढलंस ना. मला शिकवलंस तसंच. गाण्याआधीचं सगळं आलं.

खोटं कशाला बोलू, चांगली गाते. आवाज कोवळा आहे, स्वच्छ आहे. जिथे मी श्वास घेते तिथेच ती घेते. दुसऱ्या कडव्यात मला ठसका आला होता म्हणून मी एक शब्द लांबवला होता आणि तसाच राहू दिला होता. तिने तो शब्द तस्सा लांबवलाय. माझा ठसकासुद्धा घोटून घेतलास तिच्याकडून! आणि मग म्हणतोस, कुणी नाही.

मेण दातांतच राहिलं होतं. काढलं तेव्हा पार आरपार चावलं गेलं होतं.

तुझ्या भावजींना बोलावलं, हेडफोन दिले. त्यांनी सगळं ऐकलं. मी वाट बघत होते की विचारतील, कोण ही? विचारलंच नाही. हेडफोन काढून खाली ठेवले आणि म्हणाले, ‘मग आता काय करणार आहेस?’

तेव्हा मला कळलं की त्यांना माहीत होतं. खोदून विचारलं तर म्हणाले, ‘त्याने जानेवारीतच फोन केला होता. वेळ बघून तुला तोच सांगणार होता. मला म्हणाला, तोवर तुम्ही बोलू नका.’ म्हणजे त्या रविवारी जिन्यात चपला हातात घेऊन बसलेला माणूस सगळं जाणून होता. मी आत फ्रिज बंद करतेय, घड्याळ गुंडाळतेय, आणि ते बाहेर मूग गिळून बसलेत. तुम्ही दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही मला.

चोरी मी समजू शकले असते, गुंड्या. तू मला माझ्याच हातांनी पुसायला बसवलंस. कचरा काढ म्हणालास, आणि तो कचरा म्हणजे मी, हे तुला माहीत होतं.

उत्तर लिही. मेसेज नको. लिही.

ताई


९ मार्च

भाऊसाहेब,

लिहायला सांगितलं तर फोन केलास, तोही माझ्या नाही, भावजींच्या फोनवर. त्यांनी तो स्पीकरवर ठेवला, बहुतेक त्या जिन्याची भरपाई म्हणून. त्यामुळे ‘तुम्ही समजवा तिला’ हे मी पहिल्या शब्दापासून ऐकलं. नंतर मी बोलायला लागले तेव्हा तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला न बघताही माहीत आहे. शेजाऱ्यांची काच फोडलीस तेव्हा झाला होता तसा.

तू जे जे म्हणालास त्याचं उत्तर देते. फोनवर मला रडू आवरेना, म्हणून राहिलं होतं.

म्हणालास, ताई, गाण्याखाली नाव तुझंच आहे. असेल. ते तुझे उपकार नव्हेत, गाणी मी केली आहेत. मी नावासाठी मेण चावत नव्हते. ‘तुझाच आवाज, जसा आहे तसा,’ हा शब्द तू मला दिला होतास. मी मागितला नव्हता. तू आपणहून दिलास, आणि मी तो गावभर सांगत सुटले. आज मॅडमनी पुन्हा विचारलं, कधी निघतंय. काय सांगू त्यांना? माझी गाणी निघताहेत, पण यंत्रं बंद करू नका, माझा आवाज नाहीये त्यात?

म्हणालास, साहेबांना तुझा आवाज घरगुती वाटतो. इस्त्रीच्या टेबलापाशी, कपाटं उघडी टाकून गायलेला आवाज घरगुती नाही वाटणार तर काय वाटणार? तुला तो आवडायचा. ताप आला की तुला तोच आवाज लागायचा, आई बसलेली असली तरी. साहेबांना काय वाटतं ते साहेबांनी बघावं. मला एवढंच कळत नाही की साहेब तसं म्हणाले तेव्हा तू काय म्हणालास. दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तू विषय बदललास. म्हणजे तू मान डोलावलीस.

म्हणालास, सॉफ्टवेअरने गिटारमागचा आवाज खरवडून बघितला, पण गिटार पाण्यात बुडाल्यासारखी वाजायला लागली. म्हणालास, दुसऱ्या वादकाला बसवलं, पण त्याला तुझ्या पाच तारांचा हात येईना, साहेबांना तोच हात हवाय. आवाज नको, हात हवाय! मी लॅबमध्ये काय करते तुला ठाऊक आहे. एकाच्या जबड्याचं माप घेऊन केलेली कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसवली तर दोघांचीही तोंडं सोलून निघतात. आणि तू माझं माप घेऊन माझीच कवळी दुसरीच्या तोंडात कोंबलीस, वर मला म्हणतोस, जरा कड घासून दे, तिला टोचतेय.

म्हणालास, महिनाअखेरीपर्यंत स्वच्छ गिटार दिली नाही तर माझी नोकरी जाईल, पहिल्यांदाच माझ्यावर एवढं मोठं काम सोपवलंय. आणि इथेच माझा मूर्खपणा बघ. तू केसाने गळा कापलास आणि मला काळजी तुझ्या नोकरीची.

म्हणून मी एकच मागितलं. त्या मुलीला सांग, या कोण आहेत ते. बाकी काही नको. स्वच्छ गिटार पाठवते, गाऊ दे तिला. यावर तू काय म्हणालास? ‘तिला कशाला मध्ये ओढतेस? तिला वाटतंय गाणी तिच्यासाठीच केलीत, तिचा हिरमोड होईल.’

तिचा हिरमोड.

भावजींनी तेव्हा फोन बंद केला, मी नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा राग लगेच तोंडावर आलेला पाहिला.

मी विचार करून कळवते.

ताई


२३ मार्च

ट्रॅक एक: गिटार आणि मी.

बाकीचे सात रिकामे.

सगळी गाणी तशीच आहेत. नियमाप्रमाणे लिहून पाठवतेय, मागाहून गोंधळ नको. खाली थोडं जास्त लिहिते, तेवढं वाच.

स्वच्छ गिटार वाजवली होती. सगळ्या गाण्यांची, मेण दातांत धरून. इतकी स्वच्छ आली की मलाच पटेना. एकही श्वास नाही, नाकातला सूर नाही. तुझ्या साहेबांनी डोक्यावर घेतली असती. गेल्या रविवारी ती एक नंबरवर तयार होती. कार्डावर काढायची, पाकिटात घालायची, एवढंच उरलं होतं. पाकिटावर तुझा पत्ताही लिहिला होता.

फक्त एकदा ऐकू म्हटलं, म्हणून ऐकली. गुंड्या, त्या गिटारमध्ये कुणीच नव्हतं. हात माझाच होता, पण खोलीत मी नव्हते. तू मुलीला सांगितलंस ते खरं करून दाखवलं होतं मी. कुणी नाही.

मग मेण टोपलीत टाकलं. तुझे भावजी उठून आपणहून चपला हातात घ्यायला लागले, त्यांना म्हटलं, बसा आतच. फ्रिजही चालू ठेवला. त्या स्वच्छ गिटारीवर मी सगळी गाणी नव्याने गायले. ठसका आला नाही, तरी तो शब्द लांबवला. आता तो माझा आहे.

आणि मग एक आणि दोन मिसळून एकाच ट्रॅकवर उतरवले. रेकॉर्डरवर जागा कमी पडायची तेव्हा तूच शिकवलं होतंस, आणि वर दम दिला होतास: ‘ताई, एकदा मिसळलं की वेगळं होत नाही. नीट विचार करून कर.’ नीट विचार केला. मिसळल्यावर सुटी गिटार पुसली. सुटा आवाज पुसला. यंत्राने दोन्ही वेळा विचारलं, नक्की? दोन्ही वेळा हो म्हटलं. आता ती स्वच्छ गिटार कुठेच नाही, माझ्याकडेही नाही.

तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. वाईट वाटतंय, आणि तरी पाठवतेय. मला दोन्ही एकदम वाटतंय, तेही वेगळं करता येत नाही. मॅडमना मी काल सांगून टाकलं की अल्बम निघणार नाही, निदान माझा नाही. त्यांनी दुपारी सगळी यंत्रं बंद केली आणि म्हणाल्या, ‘मग इथेच म्हण.’ म्हटलं एक. हातात कुणाचातरी खालचा जबडा होता, तो ठेवायचाही राहिला.

शून्यापासूनच काढलंय. पहिल्या गाण्याच्या आधी, नाव आणि टाळी यांच्यामध्ये, एक वाक्य जास्त आहे. त्या मुलीने विचारलं होतं, या कोण आहेत. मी सांगितलंय, ‘मी याची मोठी बहीण. ही गाणी मी गाते.’ तेवढं कापायचं तर खुशाल काप, तुझा हात त्यात बसलाय.

पण पुढे तुला कॉम्प्युटरवर एकच ट्रॅक दिसेल. त्याच्याशेजारचं आवाज बंद करायचं बटण तुझ्या ओळखीचं आहे. ते दाबून बघ. मी गप्प होईन, आणि गाणंही.

कार्ड परत पाठवू नकोस.

ताई